जेथे ‘पुरे’ म्हणता येते, तेथे जेवावे

बाहेर जेवायला कुठे जावे, हा प्रश्न डॉक्टरला विचारायचा नसतो अशी आपल्याकडे समजूत आहे. डॉक्टर म्हणजे ‘हे खाऊ नका, ते खाऊ नका’ असे सांगणारा माणूस. त्याला हॉटेलचे काय कळणार? परंतु माहीममध्ये इतकी वर्षे दवाखाना चालवल्यावर माझे मत असे झाले आहे की, पन्नाशी उलटलेल्या माणसाने औषधाच्या दुकानाइतकीच हॉटेलची निवडही विचारपूर्वक केली पाहिजे. असे का, ते एका रोग्याच्या हकिकतीवरून सांगतो.

कोकणातल्या पुष्कळ घरांतील मुले मुंबईत नोकरीला आहेत. आईवडील कधी सणाला, कधी मे महिन्यात, तर कधी डोळे-गुडघे दाखवण्याच्या निमित्ताने त्यांच्याकडे येऊन राहतात. असेच एक गृहस्थ मुलाकडे आले होते. वय ६१, एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त. नऊ वर्षांचा डायबेटिस, थोडे ब्लडप्रेशर, बाकी प्रकृती काटक. मुलाला बढती मिळाली. आईवडिलांना चांगल्या ठिकाणी जेवायला न्यायचे त्याच्या मनात होते. त्याने दोन-तीन ‘अनलिमिटेड’ हॉटेले शोधून काढली. टेबलावरच निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर शिगांवर भाजलेले चिकन, कोळंबी, मासे, पनीर. त्यानंतर बिर्याणी-मटणाचा बुफे आणि शेवटी गोड पदार्थांचे स्वतंत्र टेबल. माणशी रक्कम ठरलेली, खाण्याला मर्यादा नाही. कुठे किती प्रकार मिळतात, कुठे किती सवलत आहे, याची तुलना करून त्याने त्यातल्या त्यात सर्वांत जास्त प्रकार देणारे हॉटेल निवडले. मुलाची निवड त्याच्या हिशेबाने अगदी बरोबर होती. माझ्या हिशेबाने ती चुकली, आणि या दोन हिशेबांतला फरक हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

रात्री भरपूर खायचे म्हणून दुपारी कोणी नीट जेवले नाही. गृहस्थांनी जेवणाआधीची डायबेटिसची गोळी नेहमीच्या वेळी, साडेसातला घेतली. टेबल मिळायचे साडेआठला, ते मिळाले साडेनऊला. तोपर्यंत त्यांना घाम फुटला, हात थरथरू लागले. घरच्यांना वाटले, गर्दीमुळे होत असेल. प्रत्यक्षात रक्तातली साखर उतरली होती. समोर खाणे आल्यावर बरे वाटले, आणि साखर उतरलेला माणूस जसा अधाशासारखा खातो तसे त्यांनी खाल्ले. अकरापर्यंत जेवण चालले. घरी येऊन ते आडवे झाले. दीडच्या सुमारास छातीखाली जळजळ, मळमळ आणि अस्वस्थपणा सुरू झाला. ‘जास्त झाले, गॅस धरला’ असे सर्वांचे एकमत झाले. मग सोडा झाला, ओवा झाला, ॲसिडिटीची पातळ औषधे झाली. सकाळी साडेसहाला मुलाने माझी बेल वाजवली. ई.सी.जी. काढला तर हृदयाच्या खालच्या भागाला झटका आलेला होता. ताबडतोब मोठ्या रुग्णालयात हलवले. जीव वाचला, पण पाच तास वाया गेले होते, आणि त्या पाच तासांत हृदयाचा जो स्नायू गेला तो गेलाच.

पुढे दोन महिन्यांनी ते दाखवायला आले तेव्हा मी म्हणालो, ‘‘अहो, पोट भरल्यावर थांबायचे नाही का?’’ ते म्हणाले, ‘‘डॉक्टर, पोराने एवढ्या हौसेने नेले. माणशी पैसे भरलेले. तो वाढपी शीग घेऊन पुढ्यात उभा. नाही कसे म्हणणार? जन्मभर मी एक घंटी मारून गाडी थांबवली, त्या रात्री मला घंटीची दोरीच सापडली नाही.’’

दोष जेवणाचा किती?

एका जेवणाने झटका आला, असे मी म्हणणार नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद व्हायला वर्षे लागतात. डायबेटिस, ब्लडप्रेशर, तंबाखू, बैठे आयुष्य आणि आनुवंशिकता ही त्याची कारणे. पण आधीच अरुंद झालेल्या वाहिन्यांवर जड जेवणाचा ताण येतो. खूप जेवल्यावर पोट आणि आतडी यांच्याकडे जास्त रक्त वळते, हृदयाची गती वाढते, त्याचे काम वाढते. रक्तातली चरबी आणि साखर काही तास चढलेली राहते. म्हणूनच हृदयाच्या रोग्याला जेवल्यानंतर चालताना छातीत दुखते, आणि जड जेवणानंतरच्या काही तासांत झटक्याचा धोका वाढतो. वाळलेल्या गवतावर ठिणगी पडावी, तसे ते असते. गवत वाळायला वर्षे लागली, ठिणगी एका रात्रीची.

दुसरा धोका गैरसमजाचा. जास्त खाल्लेले असले की छातीतल्या प्रत्येक दुखण्याला आपण ‘गॅस’ म्हणतो. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका पुष्कळदा पोटात जळजळल्यासारखा, मळमळल्यासारखाच वाटतो. डायबेटिसच्या रोग्यांत तर दुखणे अगदी सौम्य असू शकते. म्हणून माझे ठाम सांगणे आहे : चाळिशीनंतर जड जेवणावर छातीत किंवा छातीखाली नवीन प्रकारची अस्वस्थता, घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ आली, तर ई.सी.जी. होईपर्यंत तिला गॅस म्हणू नका. नुसता ई.सी.जी. एकदा ठीक आला तरी डॉक्टर थांबवून पुन्हा काढतात, तेव्हा घाई करून घरी जाऊ नका. आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तिला फोन करा. सोडा पिऊन सकाळची वाट पाहणे हा उपचार नव्हे.

ही पद्धत आली कुठून?

शिगेवरचे मांस आपल्याला नवे नाही. परंतु शीग घेऊन वाढप्याने टेबलाटेबलांवरून फिरत राहायचे आणि गिऱ्हाइकाने थांबवेपर्यंत वाढत राहायचे, ही पद्धत ब्राझीलची प्रसिद्ध आहे. दक्षिण ब्राझीलमधल्या रिओ ग्रांद दो सुल या प्रांतात गुरे राखणारे घोडेस्वार गुराखी असतात, त्यांना ‘गाऊशो’ म्हणतात. ते मोठे मांसाचे तुकडे जाडे मीठ लावून निखाऱ्यावर भाजत. त्याला ‘शुरास्को’ म्हणतात. पुढे हॉटेलांनी ते उचलले आणि पाळीपाळीने वाढत फिरण्याची रीत पाडली, ती ‘रोदिझिओ’. तेथे प्रत्येकाच्या ताटाशेजारी एक चकती असते. एक बाजू हिरवी, दुसरी लाल. हिरवी वर असेल तोवर वाढपी येत राहतात. लाल केली की थांबतात. आपल्याकडच्या काही शेगडीवाल्या हॉटेलांत चकतीऐवजी टेबलावर छोटा झेंडा असतो. झेंडा उभा आहे तोवर शिगा येत राहतात.

एक गंमत सांगण्याजोगी आहे. ब्राझीलमध्ये आज मांसासाठी पाळली जाणारी बहुतेक गुरे आपल्या देशातून गेलेल्या जातींची वंशज आहेत. तेथील ‘नेलोरे’ हे नाव आंध्रातल्या नेल्लोरवरून पडले, आणि मूळ जात ओंगोल. आपली गुरे तिकडे गेली आणि तिकडची वाढण्याची रीत इकडे आली. अर्थात महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळू यांच्याही कत्तलीला बंदी असल्याने आपल्या शेगडीवर दिसतात ते मुख्यतः कोंबडी, बकरा आणि मासे.

गाऊशो दिवसभर घोड्यावर असे. त्याने संध्याकाळी किती खाल्ले याची काळजी करायचे कारण नव्हते. आपण दिवसभर खुर्चीत, जिन्याऐवजी लिफ्टने वर, आणि बसायला पुन्हा मऊ कोच. जेवण गाऊशोचे आणि काम कारकुनाचे, हा हिशेब शरीराला जुळवता येत नाही.

पोट भरले तरी हात का थांबत नाही?

याला तीन कारणे आहेत. पहिले, पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत नीट पोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. शेगडीवरच्या हॉटेलात पहिल्या वीस मिनिटांतच चार-पाच फेऱ्या होऊन जातात. जाणीव येते तेव्हा गरजेपेक्षा दीडपट खाऊन झालेले असते.

दुसरे कारण चवीचे. एकाच चवीचा जिभेला कंटाळा येतो, आणि हा कंटाळा निसर्गाने दिलेला ब्रेक आहे. घरी भात-आमटी आपण पोट फुटेपर्यंत खात नाही ती त्यामुळेच. पण दर दोन मिनिटांनी चव बदलली, चिकननंतर कोळंबी, कोळंबीनंतर मासा, मग पनीर, मग भाजलेला अननस, तर प्रत्येक नव्या चवीबरोबर भूक नव्याने जागी होते. पोट गच्च भरलेले असताना गुलाबजामला जागा सापडते, ती पोटात नसते, जिभेवर असते.

तिसरे कारण पैशाचे. प्लेटप्रमाणे पैसे द्यायचे असतील तर प्रत्येक नवी प्लेट मागवताना आपण क्षणभर थांबतो. रक्कम आधीच ठरलेली असली की उलट होते. जितके जास्त खाऊ तितके ते स्वस्त पडल्यासारखे वाटते. ‘पैसे वसूल झाले पाहिजेत’ म्हणून माणूस भुकेच्या पलीकडे खातो. यात हॉटेलवाल्याचा काही अपराध नाही. त्याने दार उघडे ठेवले आहे, आत जायचे की नाही ते आपण ठरवायचे. पण पैसे वसूल झाले असे आपण म्हणतो तेव्हा ती वसुली आपल्याच शरीराकडून झालेली असते, हे ध्यानात घ्यावे.

‘भाजलेले आहे, तळलेले नाही, म्हणजे हलकेच’ हा आणखी एक भ्रम. शिगेवरच्या चिकनला भाजताना लोणी किंवा तेलाचा ब्रश फिरतो, मलई कबाबात साय आणि चीज असते, मसाल्यात मीठ भरपूर असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. शेगडीवरच्या चार-सहा फेऱ्या, चटण्या, पापड आणि बिर्याणी मिळून हा आकडा केव्हा ओलांडला जातो ते कळत नाही. ब्लडप्रेशरच्या आणि हृदय कमजोर असलेल्या रोग्याला दुसऱ्या दिवशी पायांवर सूज आणि धाप का येते, याचे उत्तर कित्येकदा आदल्या रात्रीच्या जेवणात सापडते.

प्रथिनांचा मुद्दाही पुढे केला जातो. ‘डॉक्टर, प्रोटीनच आहे ना?’ साठ किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. शिजवलेल्या बिनकातडीच्या १०० ग्रॅम चिकनमध्ये जवळजवळ ३० ग्रॅम मिळतात. जास्तीची प्रथिने शरीर उद्यासाठी बाजूला ठेवत नाही. ती जाळली जातात किंवा त्यांची चरबी होते, आणि त्यांतून निघणारा युरिया मूत्रपिंडांना बाहेर टाकावा लागतो. ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत त्यांना हे ओझे झेपत नाही. युरिक ॲसिडचा त्रास असलेल्यांना मटण, कलेजी, कोळंबी, तिसऱ्या आणि त्यावर बियर, असा बेत झाला की मध्यरात्री पायाचा अंगठा ठणकू लागतो.

करपलेल्या भागाबद्दलही लोक विचारतात. मांस मोठ्या आचेवर काळे करपले की काही घातक रसायने तयार होतात. म्हणून काळा भाग काढून टाकावा. दही, लिंबू, हळद, आले-लसूण लावून मुरवलेल्या मांसात त्यांतली काही रसायने कमी तयार होतात, म्हणजे आपल्या आज्यांची मुरवण्याची रीत शहाणपणाची होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेज-सलामीसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले आणि मटणासारखे लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले. याचा अर्थ मटण विष आहे असा नाही. शिजवलेले लाल मांस आठवड्याला साधारण ३५० ते ५०० ग्रॅमपेक्षा जास्त नसावे, एवढाच सल्ला कर्करोगाचे तज्ज्ञ देतात. एका रात्रीत आठवड्याचा कोटा संपवू नये, हे सांगायला मात्र तज्ज्ञ लागत नाही.

आपल्या जुन्या खानावळीचे गणित

आपण सगळाच दोष ब्राझीलवर घालू नये. आग्रह करकरून जिलब्या वाढणे आणि पैजेने लाडू खाणे हे आपल्याच पंगतीतले. पण त्याच आपल्या समाजात मोजून जेवण्याचीही एक चांगली व्यवस्था होती, ती म्हणजे खानावळ. लालबाग-परळच्या गिरणगावात घरापासून दूर राहणाऱ्या कामगारांना बायका घरच्या घरी जेवण करून घालत. या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या जेवणात भाकरी, भात आणि कालवणाने पोट भरायचे. मासळी किंवा मटण असे ते तोंडी लावण्यापुरते. कोल्हापूरकडे आजही तांबडा-पांढरा रस्सा हवा तितका घ्या म्हणतात, पण मटणाच्या फोडी वाटीतल्या मोजक्याच. स्वस्त ते भरपूर आणि महाग ते मोजके, हे गणित परिस्थितीने घातलेले होते. शरीरालाही तेच मानवत होते. ‘अनलिमिटेड’ने ते गणित उलटे केले. आता मांस अमर्याद, आणि भाकरी-भाजीने जागा अडते म्हणून तिला हात लावायचा नाही.

मग कुठे जावे?

माहीमपुरते सांगतो. मखदूम अलींच्या दर्ग्याच्या परिसरात शिगेवरचे कबाब मिळतात. डिसेंबरात उरुसाच्या जत्रेत तर गर्दीने रस्ता भरतो. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण डॉक्टर असूनही मी शेगडीच्या अमर्याद जेवणापेक्षा त्या कबाबाला बरे म्हणतो. एक प्लेट मागवायची, तुमच्या डोळ्यांदेखत निखाऱ्यावरून उतरलेली, वाफाळलेली. ती संपली की संपली. दुसरी हवी असेल तर तोंडाने मागावी लागते, खिशात हात घालावा लागतो. तिथे टाळायचे ते कबाब नव्हे. चिरून उघडा ठेवलेला कांदा, पाणी घातलेली हिरवी चटणी, बर्फ आणि जग मधले पाणी टाळावे. टायफॉईड आणि कावीळ यांच्या वाटा त्या आहेत. तळणाचे तेल काळे, फेसाळ दिसले तर तळलेले घेऊ नये. तळणाचे तेल किती खराब झाले की टाकून द्यायचे याची मर्यादा अन्नसुरक्षा खात्याने २०१८ पासून घालून दिली आहे, पण आपल्यापाशी मोजण्याचे यंत्र नसते. डोळे आणि नाक तेवढी वापरावीत.

माहीम-दादरच्या मालवणी आणि गोमंतकी खानावळी हा दुसरा पर्याय, आणि घरातली वडीलधारी माणसे बरोबर असतील तर माझी पहिली पसंती हीच. थाळीत एक तळलेली तुकडी, एक कालवण, सुके, दोन भाकऱ्या, भात, सोलकढी. ताट पुढ्यात येते तेव्हाच किती खायचे ते दिसते. तळलेल्याऐवजी तव्यावरचे किंवा नुसते कालवण मागता येते. ब्लडप्रेशरवाल्यांनी सुकट आणि लोणचे बाजूला ठेवावे, एवढी एक सूचना. २०२३ मध्ये माहीम कोळीवाड्यात महिला बचत गटांच्या मदतीने मासळीच्या पदार्थांचे स्टॉल सुरू झाले, तेव्हा पाहुण्यांना सांगायला आणखी एक जागा झाली म्हणून मला बरे वाटले होते.

हॉटेल निवडताना मी माझ्या रोग्यांना पाच प्रश्न विचारायला सांगतो.

एक : वाढप मागितल्यावर होते की न मागता? न मागता वाढणाऱ्या ठिकाणी डायबेटिस, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाला नेऊ नये.

दोन : ताट नक्की किती वाजता पुढ्यात येईल? इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. रांगेत उभे राहावे लागते अशी जागा त्यांच्यासाठी नव्हे.

तीन : उरलेले बांधून मिळते का? मिळत असेल तर टाकवत नाही म्हणून पोटात ढकलावे लागत नाही. अमर्याद जेवणात उरलेले नेता येत नाही.

चार : गरम ते गरम आणि थंड ते थंड आहे का? कोमट बुफेत जंतू वाढतात. चिकन कापल्यावर आत गुलाबी दिसले तर परत पाठवावे, त्यात संकोच कसला?

पाच : अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक लावलेला आहे का? तो बिलावरही असायला हवा. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांनी पदार्थासमोर कॅलरी छापायच्या असतात. त्या वाचायची सवय लावून घ्यावी.

जावेच लागले तर

ऑफिसची पार्टी असते, जावयाचा बेत असतो, सर्वांचे ठरलेले असते. अशा वेळी तोंड वाकडे करून घरी बसावे असे माझे म्हणणे नाही. दुपारचे जेवण नेहमीसारखे घ्यावे, उपाशीपोटी जाऊ नये. जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन केव्हा घ्यायचे ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. घरून निघताना घेऊन रांगेत उभे राहणे धोक्याचे आहे. खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम, थरथर, गरगर वाटली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावी. पहिल्या दोन फेऱ्या झाल्या की झेंडा खाली करावा आणि वीस मिनिटे गप्पा माराव्यात. एवढ्याने निम्म्या लोकांची भूक आपोआप भागते. बिर्याणी आणि गोड यांपैकी एकच घ्यावे. बियरचा ग्लास आग्रहाने भरला जातो तेथे हात ठेवावा. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये, मध्ये निदान दोन-तीन तास जाऊ द्यावेत, आणि जमेल तितके रमतगमत चालावे. हृदयाच्या रोग्याने मात्र भरल्या पोटी जोराने चालू नये.

तिशीतला धडधाकट मुलगा वर्षातून एकदा अशा ठिकाणी गेला तर त्याचे काही बिघडणार नाही. माझा विरोध त्याच्या मौजेला नाही. मी मुलांना एवढेच विचारतो की, आईवडिलांना नेताना आपण आपल्या पोटाच्या मापाने हॉटेल निवडतो की त्यांच्या? गावाहून आलेले वडील मुलासमोर ‘नको’ म्हणत नाहीत. आयुष्यभर त्यांनी स्वतःच्या ताटातले मुलाच्या ताटात वाढलेले असते. आता मुलगा वाढतो आहे याचाच त्यांना एवढा आनंद असतो की, पोटाचे म्हणणे ते ऐकत नाहीत. म्हणून त्यांच्या वतीने ‘पुरे’ म्हणायची जबाबदारी मुलांनी उचलावी. हल्ली तर तालुक्याच्या गावी आणि महामार्गाच्या कडेलाही ‘अनलिमिटेड’चे फलक दिसू लागले आहेत, त्यामुळे हे फक्त मुंबईकरांना सांगून भागणार नाही.

त्या कंडक्टर गृहस्थांच्या मुलाने या वर्षी वडिलांच्या वाढदिवसाला त्यांना दादरच्या एका साध्या खानावळीत नेले. बांगड्याचे कालवण, भाकरी, सोलकढी. बाहेर पडताना वडील काय म्हणाले ते त्याने मला मुद्दाम येऊन सांगितले : ‘‘आज एका घंटीत गाडी थांबली बघ.’’ गाडी वेळेवर थांबणारे हॉटेल निवडा, एवढेच वाचकांना माझे सांगणे आहे.